नाण्याच्या तळाची चार अक्षरं: रोमन टांकसाळींच्या खुणांमागचा इतिहास

चौथ्या शतकातलं रोमन तांब्याचं नाणं हाती आलं की नवखा संग्राहक सम्राटाचा चेहरा न्याहाळतो. मुरलेला आधी नाणं उलटतो आणि तळाची आडवी रेघ शोधतो. त्या रेघेखाली चार-पाच अक्षरं असतात. 'एस एम के' आणि पुढे अल्फा असेल तर सम्राटाची टांकसाळ, गाव सिझिकस (आजच्या तुर्कस्तानात), कारखाना पहिला. आपल्या रुपयावर सालाखाली बारीक हिरा दिसला की नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, इतकंच कळतं. रोमन खूण टांकसाळीच्या आत शिरून कारखान्याचा क्रमांकही सांगते. या कारखान्याला 'ऑफिसिना' म्हणत.

साम्राज्याच्या पहिल्या दोन-अडीच शतकांत हा क्रमांक नाण्यावर घालायची पद्धत नव्हती. कारखाने मात्र होते. सम्राट ट्रेजनच्या काळात, इ.स. ११५ साली, रोमच्या टांकसाळीतल्या लोकांनी देवतांना वाहिलेले शिलालेख मिळाले आहेत आणि त्यांत कारखान्यांच्या प्रमुखांचा उल्लेख आहे.

क्रमांक ठळकपणे दिसू लागले ते २४८ साली. रोम शहराला हजार वर्षं झाली म्हणून सम्राट फिलिप पहिला याने मोठे खेळ भरवले आणि त्या खेळांतले प्राणी नाण्यांवर आणले. सिंहाखाली एक, जुळ्यांना पाजणाऱ्या लांडगिणीखाली दोन, असे सहापर्यंत रोमन आकडे. गंमत म्हणजे कामाची वाटणीही त्यातून उघड होते: तिसरा कारखाना सम्राटाच्या मुलाची नाणी पाडत होता, चौथा सम्राज्ञी ओटासिलियाची (तिच्या वाट्याला पाणघोडा आला), आणि उरलेले चार खुद्द फिलिपची.

हे आकडे लोकांसाठी नव्हते. बाजारात भाजी घेणाऱ्याला कारखाना तिसरा की पाचवा याच्याशी काय देणंघेणं? ही टांकसाळीची आतली जबाबदारी होती: नाणं वजनात किंवा धातूत हलकं निघालं तर कुणाला धरायचं, याची. आणि तशी गरज वाढतच होती. नाण्यांतली चांदी घटत चालली होती, नाण्यांची संख्या फुगत होती. सम्राट गॅलियनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस एकट्या रोममध्ये बारा कारखाने चालू होते. पुढे २७१ च्या सुमारास ऑरेलियनच्या राज्यात रोमच्या टांकसाळ कामगारांनी बंडच केलं. नाण्यांत केलेली लबाडी उघडी पडल्यामुळे ते उठले, असं प्राचीन लेखक सांगतात. सात हजार सैनिक मेल्याचा त्यांचा आकडा मला फुगवलेला वाटतो, पण दंगल मोठी होती हे नक्की.

सम्राट डायोक्लेशनने २९४ च्या सुमारास नाणेपद्धती नव्याने बसवली आणि लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत गावाची व कारखान्याची खूण हा नेम झाला. पश्चिमेला बहुधा पी, एस, टी, क्यू ही पहिला-दुसरा-तिसरा-चौथा यांची लॅटिन आद्याक्षरं. पूर्वेला ग्रीक अक्षरं; ग्रीकांत तीच आकडे म्हणूनही चालत. अँटिऑकमध्ये नववा कारखाना थीटाने दाखवायला हवा, पण थीटा म्हणजे 'थानाटोस', मृत्यू. म्हणून तिथे डेल्टा आणि एप्सिलॉन, चार अधिक पाच, असं लिहून वेळ निभावली. नव्या संग्राहकाला हमखास चकवणारी खूण मात्र 'कॉन्स्ट'. ती पाहून सगळे कॉन्स्टँटिनोपल म्हणून मोकळे होतात. पण ३२८ साली फ्रान्समधल्या आर्लचंही नाव बदलून कॉन्स्टँटिना झालं होतं. अक्षरांच्या आधी लॅटिन पी किंवा एस असेल तर नाणं आर्लचं; मागे ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपलचं.

नाणी जमवणं तसं जुनंच. ऑगस्टस सणाला जुनी आणि परदेशी नाणी भेट देई, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहिलं आहे. १३५४ साली इटालियन कवी पेट्रार्कने राजा चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांची नाणी दिली ती थोरांचे चेहरे पाहून काही शिकावं म्हणून. सगळा भर चेहऱ्यावर. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आंरी कोहेनने रचलेली मोठी सूचीसुद्धा नाण्यांवरच्या मजकुराच्या वर्णक्रमाने लावलेली होती, त्यामुळे एकाच टांकसाळीची भावंडं दहा ठिकाणी विखुरली. ती पुन्हा टांकसाळ आणि कारखाना यांनुसार मांडण्याचं किचकट काम ओटो फ्योटर या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यासारख्या अभ्यासकांनी केलं.

तशी मांडणी झाल्यावरच काही कोडी दिसतात. तिसऱ्या शतकातला सम्राट प्रोबस याच्या टिकिनम (आजचं इटलीतलं पाविया) टांकसाळीत सहा कारखाने होते. पहिल्याच्या नाण्यावर एक सुटं 'ई', दुसऱ्याच्या 'क्यू', मग 'व्ही', 'आय', 'टी', 'आय'. एकेक नाणं मुकंच. सहाही ओळीने ठेवली की 'एक्विटी' वाचता येतं. एक्विटियस हे प्रोबसचं खासगी नाव असावं, असं मानतात. सिस्कियाच्या (आजचं क्रोएशियातलं सिसाक) टांकसाळीने हाच खेळ ज्युपिटर आणि हर्क्युलिसची नावं ग्रीक अक्षरांत तोडून खेळला.

अर्थात म्हणून नाण्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात गुपित शोधू नये; बहुतेक चांदण्या-चंद्रकोरी नुसतीच हिशेबाची सोय असते. पण उलट चूकही होते. ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट झालेल्या कराउसियसच्या चांदीच्या नाण्यांवर तळाशी 'आर एस आर' आहे. अर्थखात्याच्या अधिकाऱ्याची खूण म्हणून ती वाचली जात होती. १९९८ साली इतिहासकार गाय डी ला बेडोयेर यांनी ती एका पदकावरच्या 'आय एन पी सी डी ए' या अक्षरांशेजारी ठेवली. रोमन कवी व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातल्या लागोपाठच्या दोन ओळींतल्या शब्दांची ही आद्याक्षरं निघाली: सुवर्णयुग परत येत आहे, आकाशातून नवी पिढी उतरत आहे. नेमक्या टांकसाळीच्या खुणेच्या जागी बसल्यामुळे ती कविता असेल, अशी शंका कुणाला आली नव्हती.