म्हाडाची लॉटरी: फॉर्म सोपा आहे, माणसं अडतात ती दाखल्यांत

पावसाळा लागला की आमच्या झेरॉक्सच्या दुकानात म्हाडाची, म्हणजे सरकारी घरांच्या लॉटरीची, चौकशी वाढते. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, आत सहा माणसं, मागची भिंत जूनपासून ओली ती दिवाळीला कशीबशी सुकते, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं आणि धाकट्याचा खोकला काही जात नाही. मग कुणीतरी सुचवतं की म्हाडाचा फॉर्म भरा, आणि माणूस येऊन पहिला प्रश्न विचारतो, दादा, घरात ओल आहे, पोरं तीन आहेत, हे कुठे लिहायचं? कुठेच नाही. तसा रकानाच नाही फॉर्मात. गरज किती आहे हे लॉटरीत बघत नाहीत, तुम्ही पात्र आहात का एवढंच बघतात आणि पुढे कॉम्प्युटर नंबर काढतो. 2024 च्या मुंबईच्या सोडतीत 2,030 घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर, म्हणजे नशीब लागतंच, पण नशिबापर्यंत पोचायच्या आधीच कागदांत बाद होणारे बघितले की जीव तुटतो.

नोंदणी सोपी आहे. म्हाडाच्या लॉटरीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर घेऊन बसायचं, ओटीपी येतो, प्रोफाइल तयार होतं, मुंबई, कोकण, पुणे, नाशिक सगळ्या मंडळांना तीच नोंदणी चालते. वर्षभर कधीही करता येते. 2023 पासून कागदपत्रं आधीच अपलोड करून तपासून घ्यावी लागतात, लॉटरी लागल्यावर बघू हा जुना हिशेब आता चालत नाही. हे अजून कित्येकांना माहीत नाही.

आता डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचा दाखला. सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचं सिद्ध व्हायला लागतं आणि दाखला बारकोडवाला, 1 जानेवारी 2018 नंतरचा लागतो. बारावीनंतर कॉलेजसाठी काढलेला जुना दाखला घेऊन लोक येतात, तो चालत नाही, भले तुमचा जन्म मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातला असो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक ताई आली, तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीत 2011 चा दाखला, ओलीने लॅमिनेशनच्या आत काळे ठिपके पडलेले आणि शिक्का पसरून निळा डाग झालेला. ज्या भिंतीमुळे घर बदलायचं तिनेच कागद खाल्ला. तसाही तो जुनाच होता म्हणा, नवा काढायलाच लागला असता.

नवा काढायला सरकारचं 'आपले सरकार' पोर्टल किंवा सेतू केंद्र, आणि तिथे शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, राहण्याचे पुरावे मागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची गोची इथेच होते, लाइट बिल मालकाच्या नावावर, रेशन कार्ड गावचं, भाडेकरार कधी केलेलाच नाही. तेव्हा पोरांचे शाळेचे दाखले, जुनी बँक पासबुकं, मतदार यादीतलं नाव, एलआयसीच्या पावत्या, जे जे तारखेसकट पत्ता दाखवतं ते जमवा आणि सलग वर्षं दिसतील असं लावा. मधली चार वर्षं गायब असली तर अर्ज परत येतो. खिडकीवर कोण काय म्हणेल याचा नेम नाही, एकाला रेशन कार्ड पुरतं तर दुसऱ्याला त्याच कागदांवर नाही म्हणतात, म्हणून नाही म्हटलं की काय कमी आहे ते लिहून मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका. पंधरा दिवसांत मिळतो असं म्हणतात, तुम्ही महिना धरून चाला.

बायकांचं वेगळंच. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या, डोमिसाईलवर तिसरंच स्पेलिंग. तपासणी करणाऱ्याला नाव जुळलं नाही की अर्ज बाजूला. आधी पॅन आणि आधार एका नावावर आणा, विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा, मग बाकीचं काढा. उलट्या क्रमाने केलं की सगळं दोनदा करायला लागतं, आणि दोनदा करताना रोज बुडतो तो तुमचा.

उत्पन्नाचं बघू. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशात वर्षाला 6 लाखांपर्यंत अत्यल्प गट, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम, त्यावर उच्च. लहान शहरांत पहिली मर्यादा साडेचार लाखांची आणि दुसरी साडेसात. यात फक्त नवराबायकोचं उत्पन्न धरायचं. सासऱ्याची पेन्शन, दिराचा पगार, मोठ्या मुलाची डिलिव्हरीची कमाई हे सगळं एकत्र करून एकाने स्वतःला अल्प गटात बसवलं होतं आणि त्या महागड्या घराला अर्ज टाकला. वरच्या गटात अर्ज करता येतो, खालच्या गटात येत नाही, त्यामुळे आकडा चुकला की स्वस्तातलं घर हातचं जातं.

पुरावा म्हणून आयटीआर, म्हणजे आयकराचा रिटर्न, नाहीतर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आणि वर्षाची गंमत इथे होते. जाहिरातीत समजा 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 चं उत्पन्न मागितलंय, तर आयटीआरवर असेसमेंट इयर, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, 2024-25 दिसलं पाहिजे. लोक '2023-24' हा आकडा शोधतात आणि त्याच्या आदल्या वर्षाचा रिटर्न अपलोड करतात. तहसीलदाराच्या दाखल्यावर खाली 'अमुक तारखेपर्यंत वैध' असतं, ती तारीख बघून खूश होऊ नका, वरच्या तक्त्यात कोणत्या वर्षाचं उत्पन्न लिहिलंय ते बघा. घरकाम, बिगारी, रिक्षा, फेरी करणाऱ्यांना आयटीआर नसतो, त्यांनी तहसीलदाराचाच काढायचा, आणि उगाच कमी उत्पन्न लिहून घेऊ नका, कारण उद्या बँक कर्ज देताना तोच कागद समोर ठेवते.

स्वतःचं घर नसावं ही अट. साध्या योजनेत ज्या महापालिकेच्या हद्दीत घर मिळणार तिथे तुमच्या, नवरा किंवा बायकोच्या, अठराच्या आतल्या मुलांच्या नावावर घर नको. पण ज्या घरांवर प्रधानमंत्री आवास योजना लिहिलेलं असतं तिथे भारतात कुठेही पक्कं घर नको, म्हणजे गावचंसुद्धा. वडील गेले, वारस नोंद झाली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर, म्हणजे घराच्या नोंदीवर, तीन भावांसोबत तुमचं नाव चढलं असेल, तर ते लपवू नका. भिंत पडकी आहे, कोणी राहत नाही, हे खरं असेल, पण शपथपत्र तुमच्या सहीचं असतं.

आरक्षणाचा रकाना भरताना घाई नको. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या, विमुक्त, पत्रकार, दिव्यांग, माजी सैनिक, कलाकार असे बरेच प्रवर्ग आहेत, पण ओबीसी हा नाही. ओबीसीवाल्यांनी सर्वसाधारणमध्येच भरायचं, दुसरं काही टिकमार्क करून ठेवलं तर नंबर लागूनही घर जातं.

तारखांबद्दल एकच सांगतो, जाहिरातीत अर्ज करायची शेवटची तारीख वेगळी आणि अनामत रक्कम भरायची वेगळी लिहिलेली असते. अर्ज सबमिट झाला, पैसे नंतर भरू म्हणून झोपलेला माणूस मी बघितलाय, अनामत भरल्याशिवाय अर्ज धरतच नाहीत. शेवटच्या रात्री साइट रेंगाळते, सगळ्यांनाच तेव्हा आठवण होते. अनामत नंबर न लागल्यास खात्यात परत येते, अर्जाचं शुल्क येत नाही. खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं द्या, मेहुण्याचं नको. नंतर प्रारूप यादी, म्हणजे स्वीकारलेल्या अर्जांची कच्ची यादी, लागते, त्यात नाव नसेल किंवा चुकलं असेल तर हरकतीला दोन-चार दिवसच असतात, तेव्हा त्या आठवड्यात रोज बघा.

आणि पैशांचं आधी बसून बोला, घरात, दोघांनी. 2023 ला गोरेगावच्या पहाडीतली अत्यल्प गटाची घरं 30 लाख 44 हजारांना होती. त्यातलं 25 लाख कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता 21 हजार 700 च्या आसपास बसतो, आणि ज्याचं उत्पन्नच महिना 25 हजार आहे त्याला कुठली बँक देणार? अत्यल्प गट म्हणायचं आणि किंमत अशी ठेवायची, हे गणित कुणी मांडलं देव जाणे. नंबर लागल्यावर 25 टक्के आधी भरायचे असतात, उरलेले नंतर, मुदत महिन्यांत मोजण्याइतकीच. म्हणून अर्जाआधी एकदा बँकेत जाऊन किती कर्ज बसतं ते विचारा. मुंबईत झेपत नसेल तर कोकण मंडळाची कल्याण-डोंबिवलीकडच्या शिरढोण, खोणीची, विरारच्या बोळींजची घरं बघा, काही घरं सोडतीशिवाय प्रथम येणाऱ्याला प्राधान्य अशीही विकली जातात. लांब पडतं, लोकल आणि पुढे रिक्षा, पण भिंत कोरडी असते. पोरांची शाळा कुठे टाकायची ते मात्र आधी ठरवा.

'आतून करून देतो' म्हणणारा भेटेलच, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर, कधी नात्यातलाच. म्हाडाने दलाल नेमलेले नाहीत, नंबर आतून लागत नाही. वेबसाइटसारख्याच दिसणाऱ्या खोट्या साइट्सही निघतात, पैसे भरताना पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते वाचा.

त्या ताईचं डोमिसाईल आलं तेव्हा सोडतीची मुदत संपून आठ दिवस झाले होते. आता तिचं प्रोफाइल तपासून हिरवं झालंय, दाखले मी स्कॅन करून तिच्या मोबाइलमध्ये टाकलेत आणि मूळ कागद तिने बहिणीच्या घरी ठेवलेत, दुसऱ्या मजल्यावर. पुढची जाहिरात आली की फक्त घर निवडायचं आणि पैसे भरायचे. तिला तेवढं बजावून ठेवलंय की काहीही झालं तरी तो मोबाइल नंबर बदलायचा नाही, रिचार्ज संपू द्यायचा नाही, कारण मेसेज त्यावरच येतो.