परदेशी सून, जावई किंवा विद्यार्थी बेळगावात राहणार असेल तर: नोंदणी आणि वास्तव्य परवान्याचा अर्ज

पासपोर्टवर पाच वर्षांचा व्हिसा आहे म्हणजे सगळं झालं, असं धरून चालणारेच बहुतेक अडकतात. व्हिसावर माणूस देशात येतो. इथं राहण्याची नोंद वेगळी करावी लागते, आणि तिचे दिवस विमानतळावरच्या आगमनाच्या शिक्क्यापासून मोजतात. बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशातून विमान येत नाही, त्यामुळे हा शिक्का गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळीचा, नाहीतर मुंबई किंवा बेंगळुरूचा असतो. वाटेत गोव्यात आठवडाभर पाहुणचार झाला असेल तर ते सात दिवसही त्यातच गेले.

विद्यार्थी, नोकरी, संशोधन किंवा उपचारासाठीचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. पाकिस्तानी नागरिकांना २४ तासच मिळतात. व्हिसावर ‘प्रत्येक मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नाही’ असा शेरा असेल आणि माणूस त्याआधी परत जाणार असेल, तर नोंदणी लागत नाही. मुक्काम वाढवायचा असल्यास ते १८० दिवस भरायच्या आत अर्ज हवा. व्हिसावरचा शेरा भिंगातून का होईना, नीट वाचा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला किंवा भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणारं) असेल तर नोंदणी नाही, मात्र कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास कळवावं लागतं. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसाही नाही आणि ही नोंदणीही नाही.

अर्जाआधीचं एक काम घरमालकाचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त राहून जातं: फॉर्म सी. आपल्याकडं परदेशी माणूस राहायला आल्याची ही माहिती तो उतरल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची. हा नियम फक्त लॉजवाल्यांसाठी आहे असं टिळकवाडी-शहापुरात सर्रास समजतात. पेइंग गेस्ट ठेवणारे, वसतिगृह, रुग्णालय, इतकंच काय सुनेला घरी आणणारे सासू-सासरेही त्यात येतात. त्यासाठी घराच्या नावानं आधी युजर आयडी घ्यावा लागतो आणि तो मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून पाहुणा यायच्या आधीच ते उरकून ठेवा. फॉर्म सीची प्रत पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येते.

मुख्य अर्ज केंद्र सरकारच्या ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर. स्वतःच्या नावानं खातं उघडायचं, राज्य आणि जिल्हा निवडायचा, हवी ती सेवा (नोंदणी, मुदतवाढ, व्हिसाचा प्रकार बदलणं, पत्ता बदलणं) घ्यायची, कागद चढवायचे, शुल्क असेल तर तिथंच भरायचं. कार्यालयात जायची वेळ बोलावणं आलं तरच. इथं सीमाभागातली खास चूक होते: ओळखीचं कोणी कोल्हापुरात किंवा मुंबईत आहे म्हणून तिथला पत्ता दाखवतात. अर्ज जिथं राहता त्या जिल्ह्याचाच. घर शिनोळीत असेल तर जिल्हा कोल्हापूर. तिथून थोडं पुढं बेळगाव तालुक्यात असेल तर कर्नाटक. शंका असेल तर पिनकोड बघा: ५९० आणि ५९१ इकडचे, ४१६ तिकडचा.

सायबर कॅफेत अर्ज भरणार असाल तर भरा, पण ईमेल आणि मोबाइल अर्जदाराचाच द्या. कार्यालयाची शंका, त्रुटी आणि शेवटी परवानाही ईमेलवरच येतो. दुकानदाराचा ईमेल दिला की त्रुटीचं पत्र त्याच्याकडं पडून राहतं आणि उत्तर न मिळाल्यानं अर्ज बंद होतो.

कागदपत्रं अशी: फोटो, पासपोर्टची माहितीची पानं, व्हिसा, आगमनाच्या शिक्क्याचं पान आणि पत्त्याचा पुरावा. पहिल्या चारांत कोणी चुकत नाही. पाचवा मात्र घोळ घालतो. भाड्यानं राहत असल्यास नोटरी केलेला भाडेकरार, त्यात परदेशी माणसाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, आणि सोबत मालकाचं लाईट बिल. हेस्कॉमचं बिल बऱ्याच घरांत अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. मग करारावर सही नातवाची, बिलावर नाव आजोबांचं, आणि दोघांचा संबंध दाखवणारा कागदच नाही. अशा वेळी मिळकतीचा उतारा किंवा घरपट्टीची पावती जोडा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी असतं. पत्त्याच्या ओळीत दोन्ही नावं लिहिली की तपासणाऱ्याला कोडं पडत नाही. करार मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

सून किंवा जावई परदेशी असेल तर मार्ग एक्स व्हिसाचा, म्हणजे भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाचा. पर्यटक व्हिसा एरवी बदलून मिळत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न हा त्याला असलेला अपवाद. पण लग्न नोंदवलेलं हवं. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका चालत नाही. दोघंही हिंदू असतील, म्हणजे समजा मुलगी मॉरिशसच्या मराठी घरातली असेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली उपनिबंधकाकडं नोंदणी होते. नाहीतर १९५४ चा विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, नोटिशीनंतर ३० दिवसांची वाट. तीस दिवसांच्या ई-व्हिसावर आलेल्या मुलीला हा हिशेब बसत नाही. व्हिसा घेतानाच मुदत जास्त घ्या. ती अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखलाही निघण्याआधीच मिळवावा.

लग्नाचा दाखला जोडल्यावर जोडीदाराची विनंती, हमीपत्र, त्याच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा आणि दोघांचा पत्ता लागतो. त्यानंतर पोलिसांची चौकशी होते: दोघं खरंच एकत्र राहतात का, पूर्वीची माहिती काय. नवरा पुण्यात नोकरीला आणि बायको खानापुरात सासरी, असं असेल तर चौकशीत ते उघड होणारच. नोकरीच्या ठिकाणचा पत्ता आणि येण्या-जाण्याचं स्पष्टीकरण आधीच द्या. लग्नाला सलग दोन वर्षं झाली आणि ते नोंदवलेलं असेल तर ओसीआय कार्डाला अर्ज करता येतो, पाकिस्तान किंवा बांगलादेशाशी नागरिकत्वाचा संबंध नसेल तर. नागरिकत्वासाठी मात्र भारतात सात वर्षांचं वास्तव्य लागतं.

विद्यार्थ्यांचं काम तुलनेनं सरळ: कॉलेजचा बोनाफाईड दाखला आणि वसतिगृहाचा फॉर्म सी. एवढंच ध्यानात ठेवा की विद्यार्थी व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा आणि एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. म्हणजे मुदतवाढ ऐन इंटर्नशिपमध्ये येते. दीड-दोन महिने आधी अर्ज टाका.

मुदत उलटली असेल तर लपून राहण्यात काही अर्थ नाही. उशिराचा दंड दिवसांप्रमाणे वाढत जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात मुदतीनंतर राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. त्याहून न दिसणारा फटका बाळाला बसतो: ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील मुदत संपून राहिलेले असतील, तर कायद्याच्या भाषेत ते बेकायदा स्थलांतरित ठरतात, आणि दुसरा पालक भारतीय असूनही मुलाचं जन्मानं मिळणारं नागरिकत्व अडतं. बाळंतपणाच्या तारखेआधी मुदतवाढ हातात असलेली बरी. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात आलेल्याचं प्रकरण मात्र या पोर्टलवर मिटत नाही. तिथं वकीलच गाठावा.

परवाना पीडीएफ म्हणून येतो. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा त्याच दिवशी ताडून बघा. पासपोर्ट नवा झाला किंवा अनगोळातून वडगावला बिऱ्हाड हलवलं तरी पोर्टलवर बदल नोंदवावा. मोपाहून परत जाताना छापील प्रत हातातल्या पिशवीत असू द्या, कारण इमिग्रेशनच्या खिडकीशी पोचेपर्यंत मोठी बॅग विमानात गेलेली असते.