कंटेनर गेला, नोंद कुठंय?

गेल्या वर्षी छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या कंपनीचं क्लाउडचं बिल एकाच महिन्यात अव्वाच्या सव्वा फुगलं, तेव्हा मला बोलावणं आलं. कुणीतरी त्यांच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर एखाद्या प्रोग्रामसाठी तात्पुरत्या उभ्या केलेल्या बंदिस्त जागेत, शिरून क्रिप्टो मायनिंग चालवत होतं. मी पोचेपर्यंत तिथल्या पोरानं तो कंटेनर पाडून नवा उभा केला होता. हेतू चांगलाच होता. पण कोण शिरलं, कुठून शिरलं, आत येऊन काय काय चालवलं, हे सांगू शकणारं सगळं त्या जुन्या कंटेनरबरोबर गेलं.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं. बीडकडची ऊसतोड टोळी फडाजवळ कोप्या घालते आणि पट्टा पडला की मोडून निघते. मागे राहते चुलीची राख. कोपीत ठेवलेली वही कोपीबरोबर जाते, टिकते ती कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद. गाडी कुणाचीही असो, काट्यावरून गेल्याशिवाय आत जात नाही. सर्व्हरच्या पाळतीचा गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे वही कोपीतून काढून काट्यावर नेण्याची धडपड आहे.

सुरुवात वहीनंच झाली. ऐंशीच्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग तयार केलं, आणि पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अख्ख्या दुनियेनं ते उचललं. त्यात प्रोग्राम स्वतःच लिहितो, मी हे केलं, ते केलं. असा लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, चाळून घुसखोर शोधता येईल, हा विचार जेम्स अँडरसन यांच्या १९८० च्या अहवालात होता आणि डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये त्याला नीट आराखडा दिला. अडचण उघड आहे. प्रोग्रामच ताब्यात गेला, तर त्यानं लिहिलेला लॉग म्हणजे चोरानं केलेला पंचनामा.

१९९६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या स्टेफनी फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. फाइल उघडायची, नेटवर्कवर बोलायचं, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, तर प्रत्येक प्रोग्रामला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती जशी आपलं आणि परकं ओळखते, तसं सिस्टीम कॉलच्या छोट्या छोट्या क्रमांवरून प्रोग्रामचं रोजचं वागणं ओळखता येतं, असं त्यांनी दाखवलं. गंमत अशी की त्यांनी तपासलेला एक प्रोग्राम सेंडमेलच होता. आता तो काय सांगतो याला महत्त्व नव्हतं, तो काय मागतो एवढंच बघायचं होतं. आजची कंटेनरवरची बहुतेक पाळत याच कल्पनेवर उभी आहे, असं माझं मत आहे.

२००४ च्या सुमारास लिनक्सच्या कर्नलमध्ये ऑडिटची, म्हणजे सिस्टीम कॉल नोंदवून ठेवायची, सोय आली आणि काटा खऱ्या अर्थानं बसला. पण तो जुन्या जमान्यासाठी होता, जेव्हा एक सर्व्हर वर्षानुवर्षं त्याच नावानं उभा असायचा. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कंटेनर सहज बनवून चालवणारं डॉकर जगासमोर मांडलं, जून २०१४ मध्ये गूगलनं अनेक सर्व्हरांवरचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस जाहीर केलं, आणि काही मिनिटं जगून जाणाऱ्या कंटेनरांचा सुळसुळाट झाला.

इथे एक मेख आहे, जी नव्यांना हमखास चकवते. लिनक्सच्या कर्नलला कंटेनर म्हणून काही ठाऊकच नाही. त्याच्या लेखी असतात फक्त प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्राम), त्यांना वेगळं जग दाखवणारे नेमस्पेस आणि त्यांचा वाटा ठरवणारे सीग्रुप. गूगलच्या अभियंत्यांनी सीग्रुपचं काम सुरू केलं तेव्हा त्याचं नाव ‘प्रोसेस कंटेनर’ होतं. या शब्दाचे कर्नलमध्ये आधीच नाना अर्थ झाले होते, म्हणून ते बदललं. त्यामुळे ऑडिट सांगतं, अमुक क्रमांकाच्या प्रोसेसनं शेल, म्हणजे हुकूम टाइप करून चालवायचा प्रोग्राम, चालवलं. ती प्रोसेस कुठल्या पॉडमधली (कुबरनेटीस एकत्र चालवतं तो कंटेनरांचा गट), कुठल्या इमेजमधली (कंटेनर ज्यातून उभा राहतो तो साचा), हे त्याला कळत नाही. पावतीवर गाडीचा नंबर आहे, शेतकऱ्याचं नाव नाही. ते नाव कुबरनेटीसकडून आणून तिथल्या तिथे जोडावं लागतं, कारण तासाभरानं विचारायला गेलं तर पॉड उरलेलाच नसतो.

हे जोडकाम करणारी साधनं २०१४ पासून दिसू लागली. नेटवर्कवरची ये-जा तपासणारं वायरशार्क घडवण्यात हात असलेल्या लोरिस देजोआन्नी यांनी त्या वर्षी सिसडिग आणलं, त्यातूनच २०१६ मध्ये फाल्को निघालं. कंटेनरच्या आत काहीच घालायचं नाही, नोडवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरवर, एकदाच बसायचं आणि कर्नलमधून सगळ्यांकडे बघायचं, ही त्याची रीत. सुरुवातीला त्यासाठी कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नललाच जोडायचा कोडचा तुकडा, घालावं लागे. त्यात चूक झाली तर सगळा नोडच आडवा, म्हणून जुनेजाणते नाक मुरडत. यातून सुटका केली ईबीपीएफनं. त्याचं मूळ स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांच्या १९९२-९३ च्या कामात आहे, नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीची नको ती पॅकेट कर्नलमध्येच गाळण्याच्या. २०१४ मध्ये अलेक्सी स्तारोवोइतोव यांनी त्याचा विस्तार केला. छोटा प्रोग्राम कर्नलमध्ये चढवायचा, पण आधी व्हेरिफायर तो तपासणार. धोका दिसला तर दारातूनच परत.

मग माल इतका साठला की ठेवायचा कुठे, हा प्रश्न. एक गजबजलेला नोड सेकंदाला लाखो सिस्टीम कॉल करू शकतो. आयबीएमच्या संशोधकांच्या सिसफ्लोनं सुटे कॉल न साठवता या प्रोसेसनं त्या फाइलवर एकूण किती वाचलं-लिहिलं, अशी घाऊक नोंद ठेवायची पद्धत काढली. भारतात तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. (निजामकाळातले कागद शोधायला मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकत फिरलेल्या मराठवाड्याला जुन्या नोंदीची किंमत वेगळी सांगायला नको.)

काट्याला वळसाही निघालाच. २०१९ मध्ये लिनक्समध्ये वेगासाठी आयओ-यूरिंग आलं. त्यात प्रोग्राम मागण्या एका सामायिक रिंगमध्ये टाकतो आणि कर्नल त्या तिथून उचलतो. प्रत्येक मागणीला वेगळा सिस्टीम कॉल लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आर्मो या कंपनीच्या संशोधकांनी ‘क्युरिंग’ नावाचा नमुना करून दाखवला, की फक्त सिस्टीम कॉलकडे डोळे लावून बसलेल्या साधनांना अशा हालचाली दिसतच नाहीत. यावरचा उपाय त्याआधीच, २०२० मध्ये, कर्नल ५.७ मध्ये आला होता. कर्नलमध्ये सुरक्षेची परवानगी जिथे तपासली जाते, त्या हुकांवरच ईबीपीएफ बसवता येतं. मागणी कॉलमधून येवो की रिंगमधून, फाइल उघडायची तर तिथे यावंच लागतं.

संभाजीनगरच्या त्या कंपनीत मी हेच बसवायला निघालो होतो. नोडवर कर्नल निघाला ५.४. पहिला आठवडा नोड बदलण्यातच गेला.