मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेच्या प्रकल्पाचा आढावा : सल्लागार नेमण्याआधी

आमच्याकडे चौकशी येते ती बहुधा अशी: प्रकल्प संपत आला आहे, निधी देणाऱ्यांना आढावा हवा आहे, किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल? दिवस आणि खर्च आम्ही सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट विचारतो. या आढाव्यावाचून तुमचा कोणता निर्णय अडला आहे? शाळांमधली सत्रं चालू ठेवायची की तो पैसा हेल्पलाइनकडे वळवायचा? शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पुढचं वर्ष द्यायचं का? असा एखादा निर्णय समोर असेल तर सल्लागाराला काय शोधायचं ते कळतं. नसेल, तर तो प्रकल्पात काय काय झालं तेच पुन्हा लिहून देतो, आणि ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

वेळेचंही तसंच. पुढच्या टप्प्याचं अंदाजपत्रक ठरण्याच्या तीन-चार महिने आधी आढावा सुरू व्हावा. शेवटच्या महिन्यात आलेल्या शिफारशी अमलात आणायला कुणी उरलेलं नसतं.

टीओआर लिहिताना

कामाची कक्षा ठरवणारा कागद, म्हणजे टीओआर, हाच आढाव्याचा पाया. बऱ्याच टीओआरमध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचे सहाच्या सहा निकष उतरवलेले असतात: समर्पकता, सुसंगतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा. सहाही निकष 20 दिवसांत नीट तपासता येत नाहीत. दोन-तीन निवडा. त्यांत सुसंगतता, म्हणजे वेगवेगळ्यांची कामं एकमेकांशी जुळतात का, हा निकष ठेवा, असा आमचा आग्रह असतो. हा निकष 2019 मध्ये यादीत आला आणि या विषयात तो सर्वांत मोलाचा आहे. मुलाने शिक्षकांना सांगितलं, शिक्षकांनी मुख्याध्यापकांना, पुढे समुपदेशक, पोलीस, ॲप चालवणारी कंपनी... या साखळीतली एक कडी निसटली की आधीचं सगळं प्रशिक्षण वाया जातं.

कोणत्या धोक्याबद्दल बोलतो आहोत, तेही टीओआरमध्येच लिहा. अभ्यासक ऑनलाइन धोक्यांचे चार गट करतात: मूल काय पाहतं, त्याच्याशी कोण संपर्क साधतं, मुलं एकमेकांशी कशी वागतात, आणि मुलांची माहिती व पैसा कोणत्या व्यवहारात अडकतो. फसवून जवळीक साधणाऱ्या प्रौढांविरुद्धचा प्रकल्प आणि वर्गमित्रांच्या छळाविरुद्धचा प्रकल्प एकाच प्रश्नावलीने मोजता येत नाहीत.

आकडे वाचताना

किती शाळा, किती सत्रं, किती मुलं हजर, ही मोजदाद तुमच्याकडे असतेच. ती पुन्हा करण्यासाठी सल्लागाराला पैसे देऊ नका. सत्रानंतरच्या चाचणीवरही फार विसंबू नका. ‘पासवर्ड कुणाला सांगावा का?’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर मुलांना पाठ असतं, आणि मैत्रिणीला पासवर्ड सांगितलेलाही असतो.

तक्रारींच्या आकड्याने तर चांगले अनुभवी लोकही चकतात. प्रकल्पानंतर तक्रारी वाढल्या तर ते अपयश मानायचं का? आमच्या मते, बहुतेक वेळा नाही. मुलं बोलू लागली की आकडा वाढतोच. म्हणून ‘तक्रारी निम्म्यावर आणणे’ असं उद्दिष्ट दिसलं की आम्ही ते बदलायला सांगतो, कारण मुलांना गप्प बसवूनही ते गाठता येतं. त्याऐवजी दहा-बारा तक्रारी घ्या, ओळख पटेल असा सगळा तपशील काढून टाका आणि प्रत्येकीचा प्रवास शेवटपर्यंत तपासा. पहिला प्रतिसाद किती दिवसांत मिळाला? मुलाला तीच हकीकत किती जणांना सांगावी लागली? प्रकरण बंद झालं तेव्हा मुलाला ते कुणी कळवलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा कुणाकडेच नसतं.

मुलांशी बोलताना

हा भाग आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण इथे आमच्याकडून चूक झाली आहे. सुरुवातीच्या काळात एका शाळेत आठ-दहा मुलींचा गट बसवून आम्ही सरळ विचारलं, ऑनलाइन कुणी त्रास दिला आहे का? एक मुलगी बोलू लागली, सगळ्या वर्गमैत्रिणींसमोर. तिला थांबवावं तर ती पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नाही. बोलू द्यावं तर तिची गोष्ट शाळाभर होणार. सोबत समुपदेशक नव्हत्या. पुढे कुणाला कळवायचं हे ठरलेलं नव्हतं. त्या मुलीला त्या क्षणी जो आधार मिळायला हवा होता तो आम्ही देऊ शकलो नाही, आणि ते आजही आम्हाला टोचतं.

तेव्हापासून गटात स्वतःचा अनुभव आम्ही कधीच विचारत नाही. एक काल्पनिक प्रसंग देतो: 13 वर्षांच्या मुलाकडे अनोळखी खात्यावरून फोटो मागितला जातो. तो कुणाला सांगेल? कुणाला सांगणार नाही, आणि का? या ‘का’मधून प्रकल्पाबद्दल जितकं कळतं तितकं शंभर पानी प्रश्नावलीतून कळत नाही. ‘घरचे फोनच काढून घेतील’ हे उत्तर वारंवार आलं, तर पालकांसोबतचं काम अपुरं पडलं आहे हे उघड आहे.

पालकांची संमती लागते, तशीच मुलाची स्वतःचीही. आणि मध्येच उठून जाण्याची मोकळीक त्याला खरोखर असावी. ‘हे आपल्यातच राहील’ असं वचन देऊ नये, कारण मूल धोक्यात असेल तर कळवावंच लागतं, हे त्याला बोलण्याआधी सांगावं. फक्त त्रास झालेल्या मुलांना निवडून बोलावू नका. निवडीवरूनच बातमी फुटते. शाळेबाहेरची मुलं, अपंग मुलं, घरातला एकच फोन वाटून वापरणारी मुलं यादीत आहेत ना, तेही पाहा. बालहक्क संहितेने (1989) 18 वर्षांखालील प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने हे सगळे हक्क डिजिटल जगातही लागू आहेत असं स्पष्ट केलं.

एक पक्की मर्यादा

शोषणाची छायाचित्रं किंवा व्हिडिओ आम्ही कोणत्याही कारणाने मागत नाही, पाहत नाही, साठवत नाही. तुम्हीही ‘पुरावा म्हणून’ स्क्रीनशॉट पाठवू नका. अनेक देशांत असं साहित्य नुसतं जवळ असणंही गुन्हा आहे, आणि प्रत्येक नवी प्रत म्हणजे त्या मुलावर पुन्हा अन्याय. काही आढळलंच, तर फॉरवर्ड न करता देशातल्या अधिकृत हॉटलाइनला किंवा पोलिसांना कळवायचं. शब्दही जपून वापरावेत. या विषयातले शब्द कसे वापरावेत हे सांगणाऱ्या 2016 च्या लक्झेंबर्ग मार्गदर्शिकेने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळायला सांगितलं आहे. ‘बालकांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य’ असंच लिहावं. पहिल्या शब्दात मुलाची जणू संमती होती असा भास होतो.

सल्लागार निवडताना

तंत्रज्ञान जाणणारा आणि मुलांशी बोलू शकणारा, असा एकच माणूस क्वचित मिळतो. दोघांची जोडी घ्या. एकच परवडत असेल तर मुलांशी बोलू शकणारा निवडा. ॲपची सेटिंग्ज समजावून सांगणारं कुणीतरी भेटतं. पार्श्वभूमीची तपासणी आणि आधीच्या दोन कामांचे संदर्भ मागताना संकोच करू नका, आमच्याकडेही मागा. ज्याने प्रकल्प आखला त्याच्याकडून आढावा घेऊ नये. आम्ही आखलेल्या प्रकल्पांचा आढावा आम्ही घेत नाही.

मानधन टप्प्यांशी जोडा, निष्कर्षांशी नाही. 30 दिवसांचं काम असेल तर आम्ही साधारण 5 दिवस वाचन आणि आराखड्याला, 12 भेटींना, 9 विश्लेषण आणि लेखनाला, 4 मसुद्यावरच्या चर्चेला ठेवतो. नैतिक मंजुरीचे आठवडे यात धरलेले नाहीत. मुलाखतींच्या नोंदी कधी नष्ट होणार, ती तारीख करारातच हवी. ज्या मुलांनी वेळ दिला त्यांच्यासाठी सोप्या भाषेत दोन पानं लिहून देणं हा आमच्या कामाचा भाग आहे, त्याचं वेगळं शुल्क नाही.

पहिल्या भेटीला येताना मूळ प्रस्ताव, असेल तर सुरुवातीच्या पाहणीचे आकडे आणि तुमचं बालसंरक्षण धोरण आणा. धोरण नसेल तर तसं सांगा, आपण तिथूनच सुरुवात करू.