पांढरे ठिपके विषाणू

कोळंबी, चिंबोरी, शेवंड अशा दशपाद कवचधारी प्राण्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणारा विषाणू. कुल निमाव्हिरिडी, प्रजाती व्हिस्पोव्हायरस. माणसाला त्याची लागण होत नाही. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाडीकाठच्या कोळंबी तलावांवर मात्र ‘व्हाइट स्पॉट आला’ एवढे शब्द पुरतात. लागण झालेले पीक तीन ते दहा दिवसांत जवळपास पूर्ण जाऊ शकते.

उगम : 1992 च्या सुमारास तैवान आणि चीनचा फूजियान प्रांत येथे हा रोग आढळला. नेमका आधी कोठे, यावर एकमत नाही. जपानमध्ये तो 1993 मध्ये चीनहून आणलेल्या बीजाबरोबर (तलावात सोडायच्या कोळंबीच्या पिल्लांबरोबर) पोहोचला. काठीसारखा आकार व बाहेरचे आवरण यांमुळे सुरुवातीला तो बॅक्युलोव्हायरस गटातील समजला गेला आणि देशोदेशी वेगवेगळ्या नावांनी नोंदला गेला. 2001 मध्ये सुमारे तीन लाख बेसजोड्यांचा त्याचा वर्तुळाकार डीएनए वाचला गेला. त्यातील बहुतेक जनुकांचे साम्य कशाशीच जुळेना, म्हणून पुढे त्याला स्वतंत्र कुल दिले गेले. भारतात तो साधारण 1994 मध्ये पूर्व किनाऱ्यावर दिसला व नंतर पश्चिमेकडे आला. गोठवलेला माल, समुद्रातील वाहक प्राणी आणि बीज-जनक कोळंबीची ने-आण असे तीन मार्ग सांगितले जातात. रोग ज्या वेगाने पसरला तो पाहता तिसरा अधिक संभवनीय वाटतो.

प्रतिकारयंत्रणेचा वापर : कोळंबीत प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तिची भिस्त रक्तपेशी, जखमेभोवती काळे मेलॅनिन साठवणारी विकरे (एन्झाइमे) आणि टोल, आयएमडी, जॅक-स्टॅट या संदेशमार्गांवर असते. धोका जाणवला की या मार्गांच्या शेवटी असलेली एनएफ-कप्पा-बी व स्टॅट ही प्रथिने केंद्रकात शिरून संरक्षक जनुके चालू करतात. विषाणूने आपल्या आयई-1 या अगदी सुरुवातीच्या जनुकाच्या प्रवर्तकात (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात) याच प्रथिनांना बसायला जागा ठेवली आहे. यजमानाने धोक्याची घंटा वाजवली की विषाणूचेच पहिले जनुक जागे होते. शिवाय डब्ल्यूएसव्ही-449 हे त्याचे प्रथिन टोल मार्गातील ‘ट्यूब’ प्रथिनासारखे असून ते हा मार्ग आतून चेतवते. जे मार्ग उपयोगाचे नाहीत ते तो दाबतो. मेलॅनिन बनवणारी साखळी हे त्याचे ठळक उदाहरण.

स्टॅटविषयी मतभेद आहेत. 2007 मधील प्रयोगांत त्याने आयई-1 हे जनुक अधिक चालवले. त्याच मार्गातील इतर घटक बंद केले असता विषाणू वाढल्याचेही काही अभ्यास सांगतात. कोळंबीची प्रयोगशाळेत कायम वाढणारी पेशीरेषा (एकाच मूळच्या पेशींची वाढती पिढी) दीर्घकाळ हाती नसल्याने यातील बरेच काम कीटकपेशींत झाले, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मार्ग मुळात संरक्षकच आहे आणि विषाणू त्याचा एक टप्पा वळवून घेतो, असे मानल्यास दोन्ही निष्कर्ष बरेचसे जुळतात. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पुरवण्या तलावात लागण झाल्यावर घालण्याबाबत म्हणूनच सावधगिरी इष्ट.

लक्षणे व प्रसार : आजारी कोळंबी खाणे सोडते, काठाशी पृष्ठभागावर येते, अंगावर लाली चढते. पाठीचे कवच सहज सुटते. ते उजेडात धरले की आतून साधारण अर्धा ते तीन मिलिमीटरचे चुन्याचे ठिपके दिसतात. असे ठिपके जिवाणूंमुळे किंवा पाण्याच्या जास्त अल्कतेमुळेही पडतात, त्यामुळे निदान पीसीआर चाचणीनेच (विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीनेच) पक्के होते. पावसात खाडीचे पाणी गोडे व थंड झाले की ताणामुळे दबलेली लागण उसळते. पाणी 32 अंश सेल्सियसच्या वर असताना मरतूक घटल्याचे दिसले आहे. चिंबोरी लक्षणे न दाखवताही विषाणू बाळगते, आणि बांधाला बिळे पाडून तलावात शिरते. बांधावर जाळीचे कुंपण घालतात ते यासाठी. 2009 पासून परवानगी मिळालेल्या वनामी कोळंबीचे रोगमुक्त बीज मिळते. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. उघाडीतून (पाणी आत घेण्याच्या दारातून) न गाळलेले पाणी घेतले तर तेही मरते.

शिंपले : द्विपुट प्राण्यांत पॅसिफिक कालवाचा नागीणवर्गीय (हर्पिस गटातील) विषाणू अधिक अभ्यासला गेला आहे. 2008 मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या नव्या प्रकाराने कालवांच्या पिल्लांची मोठी हानी केली. पेशीची स्वनाशाची आज्ञा रोखणाऱ्या प्रथिनांसारखी जनुके त्याच्याकडे आहेत, म्हणजे तोही यजमानाच्या संरक्षणात ढवळाढवळ करू शकतो. कोकणच्या खडकांवरील कालवे वेगळ्या जातींची आहेत, त्यामुळे हे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू धरू नयेत.