दुखापत झालेले कायमचे दात आणि तारेचे उपचार

मार लागून सरकलेला, हाडात रुतलेला किंवा हिरडीखाली तुटलेला मुलाचा कायमचा दात तारेच्या मंद ताणाने जागेवर आणणे, आणि दात गेलाच तर रिकाम्या जागेची सोय लावणे, असे या उपचारांचे स्वरूप आहे. मार बहुतेक वेळा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना बसतो. दात पुढे असतील आणि ओठ त्यांच्यावर मिटत नसतील, तर धोका जास्त. बडोद्यात निमित्तांना तोटा नाही: उत्तरायणात अगाशीवर पतंगामागे धावणे, सोसायटीतले क्रिकेट, आखाड्यातला मल्लखांब.

दात मुळासकट निखळला तर मुळावरचे जिवंत तंतू वाचवणे महत्त्वाचे. तासभर कोरडे राहिले की ते मरतात. दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, शक्य तर लगेच खळगीत बसवावा. ते जमले नाही तर घरातल्या पिशवीच्या थंड दुधात बुडवून दंतवैद्याकडे न्यावा. रुमालात बांधून नव्हे. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. बसवलेला दात बारीक लवचिक तारेने शेजारच्या दातांना साधारण २ आठवडे जोडून ठेवतात. ही तार आधारापुरती असते, दात हलवण्यासाठी नव्हे.

हाडात रुतलेल्या दाताचे मूळ अपुरे वाढलेले असेल, तर तो बहुधा आपोआप खाली येतो. ४ आठवड्यांत हालचाल दिसली नाही, तर तारेने हळूहळू ओढतात. मूळ पूर्ण झालेला दात ७ मिमीहून अधिक रुतला असेल, तर शस्त्रक्रियेने जागेवर आणतात.

आधीपासून ब्रेसेसचे ठरलेल्या मुलाला थांबावे लागते: किरकोळ मारानंतर सुमारे ३ महिने, दात निखळला वा बराच सरकला असेल तर ६ महिने ते वर्षभर. आईवडिलांना ही दिरंगाई वाटते, पण घाईने ताण दिला तर दुखावलेले मूळ झिजू शकते. या काळात एक्स-रे काढून मूळ आणि आतला पल्प (दातातला नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा) तपासतात.

मूळ हाडाला कायमचे चिकटले तर दात तारेने हलत नाही. टिचकीसारखे हलके ठोकल्यावर त्याचा आवाज धातूसारखा येतो आणि जबडा वाढत जातो तसा तो शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. अशा वेळी दाताचा वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवतात, म्हणजे हाडाची रुंदी टिकते. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात, मुलाची वाढ पूर्ण झाल्यावरच बसवता येतो. तोवर तात्पुरता दात लावतात, काही मुलांत बाजूचा दात तारेने सरकवून जागा भरतात, तर काहींत मूळ पूर्ण न झालेली उपदाढ (सुळ्यामागची लहान दाढ) काढून तिथे रोवतात.