लहान मुलांमधला आयबीडी : पोटाचा त्रास आणि रोजचं जगणं

आयबीडी म्हणजे आतड्याला सूज येऊन ती वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहणारा आजार. यात मुख्य प्रकार दोन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरातच राहतो, क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. त्याचं नाव न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांच्यावरून पडलं, १९३२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यावर पेपर लिहिला होता. आयबीएस, म्हणजे पोट वरचेवर बिघडत राहण्याचा त्रास, हे वेगळं प्रकरण, त्यात अशी सूज नसते. आयबीडीच्या साधारण दर ४ पेशंटमागे एकाला तो वयाच्या २० वर्षांच्या आतच निघतो.

लक्षणं म्हणजे जुलाब, शीतून रक्त आणि आव पडणं, पोटात कळ येणं, अधूनमधून ताप, वजन उतरणं, रक्त कमी होणं, सारखं तोंड येणं. क्रोन्समध्ये तर कधीकधी जुलाब नसतातच, पोरगं नुसतं बारीक राहतं, उंची वाढत नाही आणि घरचे म्हणतात आमच्याकडे सगळे असेच. आपल्याकडे आधी जंताचं औषध देऊन होतं, मग मूळव्याध असेल म्हणून काहीतरी, मग अँटिबायोटिकचे कोर्स. त्यात क्रोन्स आणि आतड्याचा टीबी इतके सारखे दिसतात की बायोप्सी करूनही डॉक्टरांना ठामपणे सांगता येत नाही, मग टीबीची औषधं सुरू करून फरक पडतो का ते बघावं लागतं, आणि यात महिने जातात.

आता हा त्रास मोजतात कसा ते बघण्यासारखं आहे. कोलायटिस असलेल्या मुलांसाठी प्युकाई नावाचा स्कोअर आहे, ० ते ८५ मार्कांचा. १० च्या खाली आला तर आजार शांत, ६५ किंवा वर गेला तर गंभीर. यात रक्ताला ३० पर्यंत मार्क, दिवसात किती वेळा जावं लागतं त्याला १५ पर्यंत, आणि पोटदुखी, शी पातळ की घट्ट, रात्री उठावं लागणं, हालचाल कितपत जमते, या प्रत्येकाला जास्तीत जास्त १०. डॉक्टरला औषध ठरवायला हे एकदम कामाचं, कॅमेऱ्याची नळी न घालता अंदाज येतो. पण वर्गात कळ आली आणि बाईंनी सोडलं नाही तर काय, ही धास्ती यात कुठंच बसत नाही, आणि मुलाचा दिवस खरा तीच खाते.

म्हणून जगणं मोजायला वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. इम्पॅक्ट-३ मध्ये ३५ प्रश्न असतात आणि ते पोटाबरोबर थकवा, मित्रमैत्रिणी, स्वतःच्या दिसण्याबद्दल काय वाटतं, औषधांचा वैताग हेही विचारतात. पेड्सक्यूएल नावाच्या दुसऱ्या प्रश्नावलीला पोटाच्या लक्षणांचा स्वतंत्र भाग आहे, त्यात गॅस, मळमळ, खाण्यापिण्यावरची बंधनं यांच्यासोबत शीला जायची काळजी आणि पोट दुखेल याची काळजी असे वेगळे गट केलेत. तो मुलानं वेगळा भरायचा आणि आईबापांनी वेगळा, आणि दोघांची उत्तरं जुळतीलच असं नाही. माझ्या मते मुलाचंच आधी वाचावं, कारण दहा-बारा वर्षांची पोरं आईसमोर संडासाचं बोलायला लाजतात आणि आई टेन्शन घेईल म्हणून बरं वाटतंय असंही सांगून टाकतात.

प्रत्यक्षात हे असं दिसतं की सकाळची शाळा असली की मूल तासभर आधी उठून दोन-तीनदा जाऊन येतं आणि तरी व्हॅनमध्ये बसताना घाबरलेलं असतं. शाळेत डबा तसाच परत येतो, खाल्लं की लगेच जावं लागतं म्हणून खायचंच नाही असा साधा हिशोब, आणि त्यातून वजन आणखी घटतं. नवीन जागी गेलं की आधी संडास कुठंय ते बघायचं. सहलीला नको, मित्राकडे झोपायला नको. शाळेचं संडास घाण असेल, कडी नसेल किंवा पाणी नसेल तर औषधानं आलेला निम्मा फायदा तिथंच जातो.

आणखी एक गोष्ट घरात भांडणं लावते. रिपोर्ट नॉर्मल येतात, शीतली कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) खाली येते, म्हणजे सूज गेलेली असते, तरी काही मुलांचं पोट दुखतच राहतं. हे नाटक नाही. सुजेनंतर आतड्याच्या नसा हळव्या राहू शकतात आणि साध्या गॅसनंही कळ येते. अशा वेळी सूज कमी करायची औषधं वाढवून उपयोग नसतो, समुपदेशन, झोप, खाण्यातले थोडे बदल यांनी फरक पडू शकतो. मात्र हे ठरवायच्या आधी तपासणी हवीच, नुसतं टेन्शन आहे म्हणून सोडून देणंही धोक्याचं.

उपचारांचाही जगण्यावर भार पडतो. स्टिरॉइडनं त्रास पटकन आवरतो पण चेहरा सुजतो, पुरळ येतं, जास्त दिवस घेतलं तर वाढ मंदावते, आणि चौदा वर्षांच्या मुलीला पोटदुखीपेक्षा आरशाचाच त्रास जास्त होऊ शकतो. म्हणून क्रोन्सच्या मुलांना शक्य असेल तिथं आधी ६ ते ८ आठवडे नुसत्या दुधासारख्या पोषक फॉर्म्युल्यावर ठेवतात, बाकी जेवण बंद. याचा गुण चांगला येतो, वाढीलाही मदत होते, पण घरात गणपती आहेत, ताटात मोदक आहेत आणि पोराच्या हातात तोच ग्लास, हे दीड-दोन महिने निभावणं सोपं नसतं, चव सोसवली नाही तर नाकातून नळी घालावी लागते. इन्फ्लिक्सिमॅबसारखी सूज आवरणारी इंजेक्शनं अनेकांना परत मैदानावर आणतात, फक्त ती महाग आहेत आणि सलाइनमधून घ्यायला सुरुवातीच्या डोसनंतर साधारण दर ८ आठवड्यांनी हॉस्पिटलला जावं लागतं, म्हणजे त्या दिवशी शाळा बुडते आणि आईबापांपैकी एकाची रजा जाते.